बटण बंद, गप्पा सुरू!

घोडेगावहून डिंभ्याकडे निघालं की लगेच शिनोली लागतं. या पट्ट्यात कुणी नुसता कांद्याचा विषय काढावा. मंचरच्या बाजार समितीत सुरू झालेल्या गप्पा दहा मिनिटांत दिल्लीच्या निर्यात धोरणाला जाऊन भिडतात. उसात बिबट्या दिसला की जंगल, पाणी, शेती, पिंजरे सगळं निघतं. बाळहिरड्याचा भाव विचारला की औषध कंपन्यांपर्यंत विषय पोचतो. गावातली गोष्ट आणि जगातली गोष्ट यांच्यात इथं फार अंतर नसतंच.

अशा गप्पा रेडिओवर नेल्या तर काय होईल? पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी इथं तो प्रयोग होऊन गेला आणि त्याचा अहवाल थेट युनेस्कोनं छापला. त्या प्रयोगाच्या आणि एकूणच बोलक्या रेडिओच्या या चटकदार गोष्टी.

अर्धा तास ऐका, मग भांडा

साल १९५६. फेब्रुवारी ते एप्रिल. घरोघरी रेडिओ यायचा होता. गावात असला तर एखादा सार्वजनिक संच. आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं एक श्रोता मंडळ. त्याला एक अध्यक्ष, एक संयोजक. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळानं जमायचं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे विषय. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. पटलं का? आपल्या गावात चालेल का? नसेल तर का नाही?

खरी गंमत पुढे. चर्चेत उरलेले प्रश्न संयोजक लिहून केंद्राला कळवायचा आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची. म्हणजे रेडिओ बोलतोय आणि गाव उलट बोलतंय. दहा आठवडे, वीस कार्यक्रम, असा हा मामला.

(उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा. दक्षिण साताऱ्याची पुढे सांगली झाली.)

मूळ कल्पना बर्फातली

ही युक्ती आली कॅनडातून. तिथं १९४१ पासून शेतकरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जमून रेडिओवरची शेतीविषयक चर्चा ऐकत आणि मग आपापसांत बोलत. १९६५ पर्यंत हे चाललं. त्यांचं घोषवाक्य चार पायऱ्यांचं होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. विषयाची माहिती आधी छापून घरी यायची. पुण्याच्या प्रयोगात पहिली पायरी गाळली, कारण मंडळात अक्षरओळख नसलेली माणसंही हवी होती. इथली सुरुवात थेट ‘ऐका’पासून.

आणि अंदाज बरोबर निघाला. लिहिता-वाचता न येणारे चर्चेत मागे राहिले नाहीत. शेतीवर बोलायला बाराखडी कशाला लागते?

रेडिओची वार्षिक परीक्षा

सरकारी योजना म्हटली की ‘यशस्वी’ हा शिक्का आधीच तयार असतो. इथं तसं झालं नाही. मूल्यमापनाचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे गेलं. संशोधकांनी तीन प्रकारची गावं घेतली: रेडिओ आणि मंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि दोन्ही नसलेली. कार्यक्रम सुरू होण्याआधी लोकांना प्रश्न विचारले, संपल्यावर पुन्हा विचारले.

निकाल? मंडळाच्या गावांत माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे संच आणून ठेवला म्हणून गाव शहाणं होत नाही. माणसं त्याच्याभोवती बसून वाद घालतात, तेव्हा काहीतरी डोक्यात उतरतं. आज मोबाइलवर शेतीचे शंभर व्हिडिओ पाहणाऱ्यानंही हा निकाल ध्यानात ठेवायला हरकत नाही.

बाप चित्रांचा, लेक कानांचा

मूल्यमापन करणारे समाजशास्त्रज्ञ होते पॉल नॉयराट. मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत पोचले. पुढे प्राध्यापक झाले आणि तिथून आले ते मराठी खेड्यांतली चर्चा मोजायला. त्यांचे वडील ऑटो नॉयराट हेही नामांकित. आकडेवारी सामान्य माणसाला कळावी म्हणून ती छोट्या छोट्या चित्रांतून मांडायची पद्धत त्यांनी रुजवली. बापानं माहिती डोळ्यांपर्यंत सोपी करून नेली, मुलानं ती कानांवाटे किती पोचते ते मोजलं.

अहवालाचे दुसरे लेखक जगदीशचंद्र माथुर. आकाशवाणीचे महासंचालक, आयसीएस अधिकारी आणि वर ‘कोणार्क’सारख्या गाजलेल्या हिंदी नाटकाचे नाटककार. १९५९ साली युनेस्कोनं हा अहवाल पुस्तकरूपानं काढला, त्याच वर्षी ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं.

चर्चेतून निघाली विहीर

दहा आठवडे म्हणजे ज्वारीचं एक पीकही हाती येत नाही. पण तेवढ्यात काही मंडळं बोलण्यावरून करण्यावर आली. कुठे विहिरीचं काम हाती घेतलं, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या, कुठे बालवाडी सुरू झाली. ज्या मंडळांना ऐकायला-बोलायला बसवलं होतं, ती निर्णय घ्यायला लागली. प्रयोग संपल्यावरही मंडळ चालू ठेवा, असं अनेक गावांचं म्हणणं होतं.

थोरला रामात, धाकटा रानात

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. प्रयोगाच्या वेळी ते जेमतेम अडीच वर्षांचं होतं. पण त्या पोराचा झपाटा बघा. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून याच केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, ५६ गीतं. एप्रिल १९५६ पर्यंत महाराष्ट्र रेडिओपुढे हात जोडून बसला होता. त्याच केंद्राचा, त्याच महिन्यांत, हा खेड्यांतला प्रयोग चालू होता.

आणखी एक योगायोग. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर त्याच सुमारास पुणे केंद्रात रुजू झाले आणि पुढे वर्षानुवर्षं तिथल्या ग्रामीण कार्यक्रमांत रमले. त्यांची ‘बनगरवाडी’ही १९५५ चीच. थोरला भाऊ अयोध्येत आणि धाकटा मेंढरांच्या वाडीत, असं हे बिऱ्हाड एकाच केंद्राच्या आसपास.

ऑर्वेल आणि मराठी श्रोता

‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’वाला जॉर्ज ऑर्वेल दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या पूर्व विभागात नोकरीला होता. तिथं तो युद्धाच्या घडामोडींवर साप्ताहिक वार्तापत्रं लिहायचा. त्यांतली काही भाषांतर होऊन मराठीत प्रसारित व्हायची. गुजराती, बंगाली, तमिळमध्येही जायची. त्याच विभागात पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या वेणू चितळे होत्या. युद्धामुळे ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग चालू असताना बीबीसीच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमातून त्यांनी इंग्रज गृहिणींना भारतीय शाकाहारी पदार्थही सांगितले. जगाच्या लढाईचा धागा स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत आणणं यालाच म्हणायचं.

टेकाडे भावजींची संसद

चर्चा म्हटली की टेबलाभोवती चार तज्ज्ञ आणि घसा खाकरणारा सूत्रधार, असं कुणी सांगितलं? मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीना वहिनी आणि टेकाडे भावजी घरातल्या घरात गप्पा मारायचे आणि त्या ओघात समाजातले प्रश्न हसत हसत निघायचे. बाळ कुडतरकरांचे पंत आणि नीलम प्रभूंच्या मीना वहिनी ही लोकांना आपल्याच चाळीतली माणसं वाटायची. उपदेशाची गोळी पोटात जायची, पण कडू लागायची नाही.

रेडिओवरून उगवलेला भात

१९६० च्या दशकात तमिळनाडूतल्या तंजावर भागात भाताचं एक नवं वाण आलं. सरकारी नाव एडीटी-२७. शेतकऱ्यांनी त्याची माहिती तिरुचिरापल्ली केंद्रावरून ऐकली आणि त्याचं नाव ठेवून टाकलं ‘रेडिओ तांदूळ’.

लहरी सुटल्या क्रिकेटमुळे

गावाला स्वतःचं रेडिओ स्टेशन काढता येतं, याचं थोडं श्रेय क्रिकेटला द्यावं लागेल. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही.

त्या निकालाचा धागा पकडून पुढे धोरणं बदलली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. भांडण चौकार-षटकारांचं होतं, फायदा झाला गावाला.

म्हसवडच्या केराबाई

सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे दुष्काळाचं माहेर. तिथं म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांसाठी माणदेशी बँक उभी केली आणि २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली.

याच बँकेत एका दुष्काळात केराबाई आल्या. दागिने गहाण ठेवायचे होते. घरात लग्न नव्हतं की आजारपण. जनावरांना चारा-पाणी घ्यायचं होतं. चेतना सिन्हा यांनी ही गोष्ट पुढे टेडच्या जागतिक व्यासपीठावरून सांगितली. चारा आणि पाणी कुठून आणायचं, या एका बाईच्या प्रश्नानं बँक हलली आणि म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. केराबाईंचा गळा चांगला. पुढे त्या याच वाहिनीवर ओव्या आणि गाणी म्हणू लागल्या आणि श्रोत्यांच्या लाडक्या झाल्या.

या एका गोष्टीत सगळं आहे बघा. गोठ्यातली गाय, गळ्यातलं डोरलं, बँकेचं धोरण, दुष्काळ आणि हवामान. त्यातली एकही गोष्ट समजावायला बाहेरचा तज्ज्ञ लागला नाही.

एकच नंबर, सगळे शेजारी

म्हसवडची वाहिनी ९०.४ वर. बारामतीची वसुंधरा वाहिनीही ९०.४ वरच. मग आवाज एकमेकांत मिसळत नाहीत? नाही. कारण सामुदायिक रेडिओची ताकदच मुद्दाम कमी ठेवलेली असते. साधारण १०० वॉट, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. दहा-बारा किलोमीटर गेलं की आवाज विरतो. सांगली जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या जत तालुक्यात जालिहाळची ‘येरळावाणी’ ९१.२ वर ऐकू येते, तीही अशीच आपल्या पंचक्रोशीपुरती.

या मर्यादेचा फायदाही आहे. निवेदक चुकीचं बोलला तर श्रोता संध्याकाळी त्याला पारावर गाठतो.

खोडदचा कान

आता शिनोलीच्या शेजारची कमाल. इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात खोडदला, जगातल्या नामांकित रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन बाहूंवर, थेट पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. रानात नांगर धरलेल्या माणसाच्या मागे ही भली मोठी जाळीदार परात आभाळाकडे तोंड करून उभी दिसते.

हिचं काम फक्त ऐकायचं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. सतरा कोटी किलोमीटरहून लांबून येणारा त्याचा बारीकसा आवाज खोडदनं टिपला. यान शेवटी आपटलं, पण त्याचा शेवटाआधीचा सूर जुन्नरच्या रानानं ऐकलेला आहे. २०२३ मध्ये तर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संकेत या दुर्बिणीनं पकडल्याचं जाहीर झालं.

इतका तिखट कान म्हटल्यावर शेजाऱ्यांचा गोंगाट त्याला सोसत नाही. एफएम बॅण्ड ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आणि दुर्बिणीची ऐकण्याची हद्द त्याच्या अगदी वरून सुरू होते. मोबाइलचे टॉवर, वीजवाहिन्यांच्या ठिणग्या, कारखाने या सगळ्यांचा तिला त्रास. म्हणून या भागात नवं काही आणताना दुर्बिणीच्या शांततेचा विचार करावा लागतो. दूरच्या दीर्घिकांचं ऐकायचं की जवळच्या रोजगाराचं, हा वाद इथं खरा आहे. रेडिओवरच्या चर्चेला याहून देखणा विषय कुठं मिळणार? दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते, ती शाळकरी पोरांची आणि विज्ञानाच्या प्रयोगांची.

झटपट चार

• रात्री दूरची केंद्रं का लागतात? दिवसा वातावरणातला एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आभाळाला आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणूनच रात्री भलत्याच गावी डोकावतं.

• जागतिक रेडिओ दिन १३ फेब्रुवारीला. १९४६ मध्ये याच तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला.

• भारतातलं नियमित प्रसारण मुंबईतून २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन.

• जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं दुसरीकडे हलवायचं ठरलं. श्रोते ओरडले, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी ओरडले आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. सकाळच्या बातम्यांसोबत चहा पिणाऱ्यांना कमी समजू नये.

शिनोली पंचक्रोशीनं स्टेशन काढायचं म्हटलं तर...

अर्ज कोण करू शकतं? नोंदणीकृत संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र. एकट्यादुकट्याला आणि राजकीय पक्षाला परवाना नाही.

काय लावायचं? निम्मे तरी कार्यक्रम इथल्याच माणसांच्या सहभागातून तयार झालेले हवेत. बोलीही इथलीच चालते, उलट तीच हवी.

काय लावायचं नाही? स्वतःच्या बातम्या. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. राजकीय कार्यक्रम वर्ज्य. म्हणजे निर्यातबंदीवरून पुढाऱ्यांना झोडपायची हौस इथं भागणार नाही. पण बाजारभाव, हवामान, पाण्याची पाळी, परीक्षा, रोगराई यांवर खुशाल बोला.

पैसे कुठून? जाहिरातीला तासाला १२ मिनिटांपर्यंत मुभा आहे आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये झालाय. गाडी-बंगला होणार नाही, वीजबिल भागेल.

विषय कुठून? ते आयते पडलेत. कांदा कुठल्या महिन्यात वखारीतून काढायचा. उसाच्या फडात बिबट्याची पिलं सापडली तर पहिला फोन कुणाला करायचा आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात पुढे काय होतं. बाळहिरडा वेचणाऱ्या बाईच्या हातात नक्की किती पडतात. डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडालं आणि तालुक्याला नाव तेवढं उरलं. तिथून उठलेल्या माणसांची नातवंडं आज काय करतात. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकपुढे का आडवा झाला आणि धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव का दिलं. प्रत्येक विषय गावातला आणि एकही गावापुरता नाही.

आता शेवटचा नियम, सगळ्यांत मजेशीर. २०२४ च्या सुधारित धोरणानुसार कार्यक्रम ठरवणाऱ्या सल्लागार समितीत किमान निम्म्या महिला असायलाच हव्यात. तेव्हा अर्ज लिहायला बसाल तर आधी गावातल्या बायकांना बोलवा. निम्म्या खुर्च्या त्यांच्या नावावर आधीच लागलेल्या आहेत, आणि गप्पांत त्या तुमचा नंबर लागू देतील याची खात्री कुणीच देत नाही.